घरच्या डीव्हीडी कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत, पण क्वालिटी जाऊ द्यायची नाही: सगळं स्टेप बाय स्टेप

घरच्या कार्यक्रमांच्या डीव्हीडी कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या असं कुणालाही विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, एखादं कन्व्हर्टर टाका, डिस्क घाला, एमपी४ निवडा, बटण दाबा, झालं. फाइल मिळते हे खरं, पण त्या फाइलमधला व्हिडिओ डिस्कवरचा व्हिडिओ नसतो, त्याच्यावरून नव्याने बनवलेला असतो आणि बनवताना थोडंफार काहीतरी गेलेलंच असतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षरं जशी बसत जातात तसंच होतं हे.

आणि याची गरजच नसते हो. डीव्हीडीवरचा व्हिडिओ आधीपासूनच डिजिटल आहे. कॅसेटसारखं तो प्लेअरवर चालवून दुसरीकडून रेकॉर्ड करायचा प्रश्नच येत नाही, डिस्कवर फाइली आहेत, त्या फाइली जशाच्या तशा उचलायच्या आहेत. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी डिस्कची हुबेहूब प्रत, मग त्या प्रतीतून व्हिडिओ न बदलता बाहेर काढायचा, आणि फोनवर पाठवायला किंवा टीव्हीवर दाखवायला हलकी फाइल लागलीच तर ती सगळ्यात शेवटी, वेगळी बनवायची. कन्व्हर्ट हा शब्द या सगळ्यात फक्त तिसऱ्या कामाला लागू पडतो, पहिल्या दोन कामांत क्वालिटी अजिबात जात नाही. अजिबात म्हणजे एक बिटसुद्धा नाही.

डिस्कवर नेमकं काय असतं

हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं म्हणून पाच मिनिटं इथे द्या. डिस्क कॉम्प्युटरवर उघडलीत तर व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर दिसेल, त्यात तीन प्रकारच्या फाइली असतात. व्हीओबी म्हणजे खरा माल, चित्र आणि आवाज यातच असतो. आयएफओमध्ये कुठला भाग कुठून सुरू होतो, कुठल्या क्रमाने चालवायचा, चॅप्टर कुठे आहेत ही माहिती असते. बीयूपी ही त्या आयएफओचीच बॅकअप कॉपी, ओरखडा नेमका आयएफओवर आला तर प्लेअरला आधार म्हणून.

व्हीओबीमधला व्हिडिओ एमपेग-२ या प्रकारातला असतो. पाल पद्धतीच्या (भारतातल्या टीव्हीची पद्धत) डिस्कवर ७२० बाय ५७६ पिक्सेल आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससीवर (अमेरिका-जपानची पद्धत) ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेम. व्हिडिओचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट. आवाज बहुतेक वेळा एसी-३ मध्ये, कधी एमपी२, आणि कधीकधी अजिबात न दाबलेला पीसीएम. मोठ्या व्हीओबीचे साधारण एकेक जीबीचे तुकडे केलेले असतात, म्हणून दोन तासांचा कार्यक्रम चार-पाच फाइलींत विभागलेला दिसतो.

आता इथेच लोकांना वाटतं की मग या व्हीओबी कॉपी करून एकामागे एक चिकटवल्या की काम झालं. साध्या डिस्कवर जमतंही ते, पण प्रत्येक चित्राला आणि आवाजाला वेळेचा एक शिक्का असतो आणि एका भागातून दुसऱ्या भागात जाताना तो शिक्का पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकतो, मग नुसत्या चिकटवलेल्या फाइलीत पुढे मागे करता येत नाही, एकूण वेळ भलतीच दिसते, आणि अर्ध्या तासानंतर ओठ आणि आवाज जुळत नाहीत. शिवाय काही डिस्कवर भागांचा क्रम व्हीओबीत एक आणि आयएफओत दुसराच असतो. म्हणून आयएफओ वाचणारा प्रोग्राम वापरायचा, तो पुढे सांगतो.

डिस्क ड्राइव्हमध्ये घालण्याआधी

डिस्क उजेडात तिरकी धरून बघा. बोटांचे ठसे, धूळ, बुरशीसारखे डाग बहुतेक बाहेरच्या कडेला असतात कारण डिस्क आपण तिथेच धरतो, आणि डीव्हीडीवर डेटा आतून बाहेरच्या दिशेला लिहिलेला असतो, म्हणून पूर्ण भरलेल्या डिस्कवर कार्यक्रमाचा शेवटचा भाग अडकतो तो याच कारणाने. मऊ मायक्रोफायबरचं कापड घ्या आणि मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसायचं नाही, कारण गोल ओरखडा पडला तर तो डेटाच्या रांगेबरोबर लांबवर जातो आणि ड्राइव्हला सलग खूप डेटा मिळत नाही, सरळ ओरखडा मात्र प्रत्येक रांगेला थोडासाच छेदतो आणि तेवढं ड्राइव्ह दुरुस्त करून घेतो. डाग निघत नसेल तर कापड पाण्याने किंचित ओलं करा, घासू नका, आणि पूर्ण वाळल्यावरच आत घाला. वरच्या बाजूला कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर ते सोलायला जाऊ नका.

छोट्या ८ सेंटीमीटरच्या डिस्क, ज्या हॅंडिकॅममध्ये चालायच्या, त्या ट्रे असलेल्या ड्राइव्हमध्येच घाला, ट्रेवर मधे छोटा खळगा असतो तो त्यांच्यासाठीच. नुसती फट असलेल्या ड्राइव्हमध्ये त्या अडकून बसू शकतात.

आणखी एक, डिस्कच्या तोंडावर आणि कव्हरवर जे काही पेनने लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेवा. कुणाचा कार्यक्रम, कोणतं वर्ष, भाग पहिला की दुसरा हे पुष्कळदा फक्त तिथेच असतं, आणि पन्नास डिस्क झाल्यावर कुठली फाइल कुठल्या डिस्कची हे लक्षात राहत नाही.

डिस्क रिकामी दिसते तेव्हा

डिस्क प्लेअरवर किंवा कॅमेऱ्यात चालत होती पण कॉम्प्युटरवर रिकामी दिसते, आणि वर विंडोज विचारतो की ही डिस्क कशी वापरायची आहे, पेनड्राइव्हसारखी की प्लेअरसाठी. इथे कॅन्सल दाबा. पुन्हा सांगतो, कॅन्सल दाबा, फॉरमॅटला हो म्हणू नका, रीरायटेबल डिस्क असेल तर त्यावरचं जाईल.

असं होण्याचं कारण म्हणजे डिस्क फायनलाइज केलेली नसते. डीव्हीडी रेकॉर्डर किंवा हॅंडिकॅम रेकॉर्डिंग संपल्यावर डिस्कची अनुक्रमणिका लिहून ती बंद करतो, ते काम राहून गेलेलं असतं. ज्या मशीनवर रेकॉर्ड केलं ते मशीन अजून चालू असेल तर त्याच्या डिस्क मेनूत जाऊन फायनलाइज करणं हा सगळ्यात सरळ रस्ता. मशीन नसेल तर विंडोजवर आयसोबस्टर नावाचा प्रोग्राम आहे, तो अशा अर्धवट डिस्कवरचं रेकॉर्डिंग शोधून दाखवतो. पूर्ण वापरायला तो विकत घ्यावा लागतो, पण आधी उघडून डिस्कवर काही सापडतंय का एवढं बघा आणि मग ठरवा.

काही डिस्कवर व्हिडिओ टीएस नसतंच, त्याऐवजी डीव्हीडी आरटीएव्ही नावाचं फोल्डर आणि त्यात व्हीआरओ एक्स्टेन्शनची एकच मोठी फाइल असते. ही रेकॉर्डरची व्हीआर पद्धत. आतला व्हिडिओ एमपेग-२च असतो, व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये ती फाइल थेट चालते, फक्त सगळी रेकॉर्डिंग एकाच फाइलीत सलग ओतलेली असतात. वेगवेगळी काढायला आयसोबस्टर इथेही चालतो.

पहिलं काम: आयएसओ

आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली हुबेहूब प्रत, मेनू, चॅप्टर, सगळे टायटल (डिस्कवरचे वेगवेगळे व्हिडिओ), फाइलींच्या तारखा, सगळं. ही केली की डिस्क परत कव्हरमध्ये ठेवून द्या, पुढचं सगळं काम या फाइलीवर करायचं, म्हणजे जुनी डिस्क पुन्हा पुन्हा फिरवावी लागत नाही. मला विचाराल तर ज्याला फक्त एकच गोष्ट करायची आहे त्याने हीच करावी, बाकीचं पुढच्या वर्षी केलं तरी चालेल, पण डिस्क थांबत नाहीत. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये डेटा एका सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात असतो, ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी तो थर हळूहळू खराब होतो.

विंडोजवर आयएसओ बनवायला इमगबर्न जुना पण चांगला आहे, उघडल्यावर डिस्कवरून इमेज फाइल बनवा असा पर्याय दिसतो, तो निवडायचा, कुठे सेव्ह करायची ते सांगायचं, बस. विंडोज स्वतः आयएसओ उघडू शकतो पण डिस्कवरून बनवू शकत नाही, म्हणून वेगळा प्रोग्राम लागतो. फुकटचे प्रोग्राम इन्स्टॉल करताना प्रत्येक पान वाचा आणि सोबत येणाऱ्या इतर गोष्टींचे टिक काढून टाका. मॅकवर डिस्क युटिलिटीत डिस्क निवडून नवीन इमेज बनवायची आणि फॉरमॅट डीव्हीडी सीडी मास्टर ठेवायचा, फाइल सीडीआर एक्स्टेन्शनने बनते, नाव बदलून आयएसओ केलं की चालतं. लिनक्सवर ब्राझेरोसारखा प्रोग्राम किंवा थेट डीडीरेस्क्यू, खराब डिस्क वाचायचा प्रोग्राम, त्याबद्दल पुढे येतंच.

साइजबद्दल गोंधळ होतो म्हणून सांगतो. एका लेयरच्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज ४.३७ दाखवतो. काही गेलेलं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे, एकात हजाराने भागतात, दुसऱ्यात १०२४ने. दोन लेयरची डिस्क ८.५ जीबी, ती ७.९५ दिसते. पूर्ण भरलेल्या डिस्कची आयएसओ ४ जीबीच्या वर जाते, त्यामुळे फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ती कॉपीच होत नाही, जागा असूनही एरर येते. तिथे पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायचा, अर्थात आधीचा डेटा दुसरीकडे हलवून.

वेळ किती लागतो? डीव्हीडीचा १ एक्स स्पीड म्हणजे सेकंदाला साधारण १.३८५ मेगाबाइट, त्या हिशोबाने पूर्ण डिस्कला तासाभराच्या आसपास, आणि ८ एक्सला आठ-दहा मिनिटं. डिस्क चांगली असेल तर वेगात चालू द्या. ड्राइव्ह मधेच थांबतोय, पुन्हा गरगर सुरू करतोय, आवाज बदलतोय असं झालं तर वेग कमी करा, इमगबर्नमध्ये रीड स्पीडचा पर्याय आहे, २ किंवा ४ एक्सवर बऱ्याच हट्टी डिस्क वाचल्या जातात.

डिस्क मधेच अडकली तर

इथे घाई केलीत तर नुकसान होतं, म्हणून थोडं सावकाश.

साधी कॉपी एरर आली की थांबते किंवा त्याच जागेवर तासन्‌तास प्रयत्न करत बसते. डीडीरेस्क्यू उलटं करतो, आधी जे सहज वाचलं जातंय ते सगळं उचलतो, अडचणीच्या जागा वगळून पुढे जातो, आणि मग उरलेल्या जागांवर परत येतो. कुठला सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा, वाचला, कुठला राहिला याची नोंद तो एका मॅप फाइलीत ठेवतो. म्हणजे मधेच लाइट गेली, तुम्ही कॉम्प्युटर बंद केला, तरी नंतर तीच इमेज फाइल आणि तीच मॅप फाइल देऊन पुन्हा सुरू केलंत की राहिलेलंच काम करतो. डीव्हीडीचा सेक्टर २०४८ बाइटचा असतो, ही साइज त्याला सांगायची, पहिल्या फेरीत खराब जागा खरवडायचं, म्हणजे तिथे तुकड्या-तुकड्याने वाचत बसायचं, काम बंद ठेवायचं, आणि दुसऱ्या फेरीत तीन वेळा प्रयत्न कर असं सांगायचं. कमांड लिहून चालवावी लागते, पण त्याच्या मॅन्युअलमध्ये सीडी-डीव्हीडीसाठी वेगळं उदाहरण दिलेलं आहे, ते बघून जमतं.

याची खरी ताकद दुसऱ्या ड्राइव्हबरोबर दिसते. एका ड्राइव्हला जो सेक्टर वाचता येत नाही तो दुसऱ्या कंपनीच्या किंवा जुन्या ड्राइव्हला वाचता येतो, हे इतक्यांदा होतं की डिस्क गेली असं एका ड्राइव्हवरून कधीच म्हणू नये. डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, तीच मॅप फाइल द्या, तो फक्त राहिलेल्या जागा भरेल. यूएसबी ड्राइव्ह असेल तर तो हबला न लावता थेट कॉम्प्युटरला लावा, कमी पॉवर मिळाली की डिस्क चांगली असूनही एरर येतात.

आणि समजा शेवटी दोन-चारशे सेक्टर राहिलेच, तर घाबरू नका. ४.७ जीबीच्या डिस्कवर तेवीस लाखांच्या आसपास सेक्टर असतात, त्यातले थोडे गेले म्हणजे कुठेतरी क्षणभर चौकोन चौकोन दिसतील, आवाज टचकन तुटेल, पुढे सगळं नीट चालेल. फक्त ते सेक्टर आयएफओचे नकोत, आणि ते असले तरी बीयूपी आहेच.

दुसरं काम: आयएसओतून एमकेव्ही

आता आयएसओ हातात आहे, व्हीएलसीत टाकली तर डीव्हीडीसारखी चालतेसुद्धा, मेनूसकट. पण रोज बघायला, शोधायला, क्लिप काढायला एक एक कार्यक्रम वेगळ्या फाइलीत असलेला बरा. यासाठी मेकएमकेव्ही वापरा, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर आहे आणि डीव्हीडीसाठी फुकट आहे. तो आयएफओ वाचतो, भाग योग्य क्रमाने लावतो, वेळेचे शिक्के सुधारतो, आणि तोच एमपेग-२ व्हिडिओ, तोच आवाज एमकेव्ही फाइलीत ठेवतो. याला रिमक्स म्हणतात. बाहेरचं फाइलीचं स्वरूप बदलतं, आतल्या चित्राला हात लागत नाही, म्हणून काम पण काही मिनिटांतच संपतं.

सुरू करण्याआधी एक सेटिंग नक्की बदला. प्रेफरन्सेसमध्ये व्हिडिओच्या टॅबवर टायटलची कमीत कमी लांबी सेकंदात दिलेली असते, ती मुळात १२० असते, म्हणजे दोन मिनिटांपेक्षा लहान टायटल तो दाखवतच नाही. सिनेमाच्या डिस्कसाठी ते ठीक, पण घरच्या डिस्कवर, विशेषतः हॅंडिकॅमच्या, चाळीस सेकंदांच्या क्लिपाच क्लिपा असतात, बाळाची पहिली पावलं त्यातच असायची. ती लांबी ० किंवा ५ करा.

मग फाइल मेनूतून आयएसओ उघडा. डावीकडे टायटलची यादी येईल, प्रत्येकासमोर वेळ आणि साइज. इथे जरा बघून निवडा, कारण काही डिस्कवर सगळं चालवा असं एक मोठं टायटल असतं आणि शिवाय त्याच कार्यक्रमाचे वेगवेगळे भाग पुन्हा स्वतंत्र टायटल म्हणून असतात, सगळ्यावर टिक ठेवलंत तर तोच व्हिडिओ दोनदा निघतो. लहान टायटलांची बेरीज मोठ्याएवढी येत असेल तर दोन्हींपैकी एकच घ्या, माझा कल सुटे भाग घेण्याकडे असतो, नाव देऊन ठेवायला बरे पडतात. आवाजाचे ट्रॅक सगळे टिक केलेले राहू द्या. आउटपुट फोल्डर द्या आणि बटण दाबा. खाली लॉगमध्ये एरर आल्या का ते वाचल्याशिवाय खिडकी बंद करू नका.

एमपी४ का नाही, असा प्रश्न येतोच. एमपेग-२ व्हिडिओ एमपी४मध्ये ठेवला तर बरेच प्लेअर तो चालवत नाहीत, आणि न दाबलेला पीसीएम आवाज असेल तर आणखी अडचण, एमकेव्हीत दोन्ही आरामात बसतात. मास्टर फाइल म्हणून एमकेव्हीच.

खरंच काही बदललं नाही ना?

विश्वास ठेवू नका, तपासा. मीडियाइन्फो नावाचा छोटा फुकट प्रोग्राम आहे, त्यात एमकेव्ही टाका. व्हिडिओच्या खाली एमपेग व्हिडिओ, व्हर्जन २, ७२० बाय ५७६ किंवा ४८० असं दिसलं पाहिजे. तिथे एव्हीसी किंवा एचईव्हीसी (म्हणजे एच २६४ किंवा एच २६५, हे नंतरचे व्हिडिओ प्रकार) दिसलं तर कुठल्या तरी प्रोग्रामने व्हिडिओ नव्याने बनवलाय, मग त्याच्या जाहिरातीत काही का लिहिलं असेना. कधीकधी ३५२ बाय ५७६ दिसतं, ते चुकलेलं नाही, रेकॉर्डरवर चार तासांचा एलपी मोड लावला की बऱ्याच मशीन आडवं रेझोल्यूशन निम्मं करायच्या, मुळातच तेवढं आहे.

मग फाइल व्हीएलसीत चालवा. सुरुवात नाही, शेवट बघा. शेवटची पाच मिनिटं लावून कुणी बोलतंय असं ठिकाण शोधा आणि ओठ-आवाज जुळतोय का बघा, शेवटी जुळत असेल तर मधे सहसा जुळलेलंच असतं. एकूण वेळ डिस्कवरच्या वेळेशी ताडून बघा. चॅप्टर जिथे बदलतो तिथे दोन-तीन ठिकाणी उडी मारून बघा.

माणसं लांबुडकी किंवा बसकी दिसत असतील तर फाइल खराब नाही. डीव्हीडीचे पिक्सेल चौकोनी नसतात, त्याच ७२० बाय ५७६ मधून ४:३ चं चित्र ७६८ बाय ५७६ एवढं आणि १६:९ चं १०२४ बाय ५७६ एवढं ताणून दाखवायचं असतं, आणि कुठलं ताणायचं ते फाइलीत लिहिलेलं असतं. कॅमेरा एका सेटिंगवर आणि डिस्क बनवणारा दुसऱ्यावर, असं झालं असेल तर ती नोंदच चुकीची असते. व्हीएलसीत आस्पेक्ट रेशो बदलून आधी खात्री करा, मग एमकेव्हीटूलनिक्समध्ये ती नोंद बदलता येते, व्हिडिओला न शिवता.

हलताना आडव्या रेषा दिसतात, त्याचं काय

कॉम्प्युटरवर पहिल्यांदा बघताना सगळ्यात जास्त लोक इथे दचकतात. कुणी हात हलवला, कॅमेरा फिरला की कडांवर बारीक आडव्या रेषा दिसतात, एक ओळ इकडे एक ओळ तिकडे. वाटतं की कॉपी बिघडली. कॉपी ठीक आहे, व्हिडिओ इंटरलेस्ड आहे.

जुन्या कॅमेऱ्यांनी सेकंदाला २५ पूर्ण चित्रं काढलीच नव्हती, ५० अर्धी चित्रं काढली होती, एकदा विषम ओळी, पुढच्या क्षणी सम ओळी. त्यांना फील्ड म्हणतात. ट्यूबचा टीव्ही तशाच एकाआड एक ओळी दाखवायचा म्हणून रेषा कधी दिसल्या नाहीत, कॉम्प्युटर मात्र दोन्ही फील्ड एकाच वेळी एकत्र दाखवतो, आणि मधल्या एक पन्नासांश सेकंदात हात पुढे सरकलेला असतो. व्हीएलसीत कीबोर्डवरचं डी दाबा किंवा व्हिडिओ मेनूतून डीइंटरलेस चालू करून मोड यादिफ २ एक्स ठेवा, रेषा जातील आणि हालचाल मूळ टीव्हीवर होती तेवढी मऊ दिसेल.

मास्टर फाइल मात्र इंटरलेस्डच राहू द्या. डीइंटरलेस करून साठवलंत तर ते परत फिरवता येत नाही, आणि आजच्यापेक्षा चांगले फिल्टर उद्या येणारच आहेत, त्यांना मूळ फील्ड लागतील. एआय वापरून मोठं करणाऱ्या प्रोग्रामांनाही हेच लागू, हौस म्हणून वेगळी कॉपी करून बघा, पण ते प्रोग्राम चेहऱ्यावर मूळ चित्रात नसलेले बारकावे घालतात, आजीचा चेहरा कुणीतरी अंदाजाने पूर्ण केलेला मला मास्टरमध्ये नको.

तिसरं काम: पाठवायची हलकी कॉपी

फोनवर चालायला आणि नातेवाइकांना द्यायला एमपी४ लागते, ती हॅंडब्रेकने बनवा. इथे क्वालिटी थोडी जाणार हे गृहीत आहे, फक्त डोळ्याला कळू द्यायचं नाही. मेकएमकेव्हीने काढलेली फाइल त्यात उघडा.

व्हिडिओ एन्कोडर एच २६४ ठेवा, एच २६५ने फाइल लहान होते पण जुन्या टीव्हीवर आणि फोनवर अडकते. क्वालिटीसाठी बिटरेट न देता आरएफची पट्टी वापरा, आकडा जितका कमी तितकी क्वालिटी जास्त. हॅंडब्रेकवाले स्वतः या रेझोल्यूशनसाठी १८ ते २२ सुचवतात, मी घरच्या व्हिडिओला १८ ठेवा म्हणेन कारण त्यात कमी उजेडातले दाणेदार सीन खूप असतात आणि खराबी तिथेच आधी दिसते. त्याखाली फार गेलात तर फाइल मूळ डिस्कपेक्षा मोठी होऊ शकते, फायदा काही नाही. प्रीसेट स्लो. आपोआप कडा कापण्याचा पर्याय बंद करा. रेझोल्यूशन वाढवू नका, ७२० बाय ५७६ला १०८० केल्याने नवीन काही दिसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग डीइंटरलेसचं. फिल्टरच्या टॅबमध्ये यादिफ किंवा बीडब्ल्यूडिफ निवडून त्याचा प्रीसेट बॉब ठेवा, म्हणजे ५० फील्डच्या ५० पूर्ण फ्रेम होतात. साधं डीइंटरलेस २५ फ्रेमच ठेवतं, निम्मी हालचाल जाते, आणि नाचताना, पळताना चित्र अडखळतं. आणि मग फ्रेमरेटकडे बघा, तयार प्रीसेटमध्ये तिथे २५ किंवा ३०ची मर्यादा असू शकते, तसं असेल तर बॉबचा काही उपयोग होत नाही, म्हणून तिथे मूळ सोर्सप्रमाणे असा पर्याय ठेवा. आवाज एएसी, १९२ किंवा २५६. एक-दोन मिनिटांचा हलता सीन आधी काढून बघा, मग पूर्ण फाइल लावा.

कापायचं असेल तर

सुरुवातीचा नुसता काळा पडदा, मधेच चालू राहिलेला कॅमेरा, हे काढायला लॉसलेसकट वापरा, तो व्हिडिओ नव्याने बनवत नाही. फक्त कट कुठेही देता येत नाही, जिथे पूर्ण चित्र साठवलेलं असतं अशाच ठिकाणी तो सुरू होतो, पाल डीव्हीडीवर अशी दोन ठिकाणं जास्तीत जास्त १५ फ्रेमच्या अंतरावर असतात, म्हणजे ०.६ सेकंद. घरच्या व्हिडिओला एवढं पुरतं. मूळ एमकेव्ही ठेवून कापलेली फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा.

नावं आणि साठवण

नाव वर्षापासून सुरू करा, मग महिना, मग तारीख, मग कार्यक्रम, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप क्रमाने लागतात. तारीख माहीत नसेल तर डिस्कवरच्या व्हीओबी फाइलींची तारीख बघा, डिस्क कधी लिहिली ते कळतं, अर्थात त्या मशीनचं घड्याळ बरोबर असेल तर. एका डिस्कचं एक फोल्डर, त्यात आयएसओ, एमकेव्ही, कव्हरचा फोटो, आणि एका साध्या टेक्स्ट फाइलीत कोण कोण आहे, कुठला प्रसंग. ही माहिती घरातली मोठी माणसं सोबत बसून सांगू शकतात तोवरच लिहून घ्या.

जागा? शंभर पूर्ण भरलेल्या डिस्क म्हणजे आयएसओ ४७० जीबी, एमकेव्ही साधारण तेवढीच, एक टीबीच्या हार्डडिस्कवर दोन्ही बसतात. अशा दोन हार्डडिस्क करा आणि दुसरी वेगळ्या घरी ठेवा, एकाच कपाटात दोन ठेवल्या तर पाणी शिरलं की दोन्ही जातात. प्रत्येक आयएसओचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलीतल्या डेटावरून निघणारा अक्षर-आकड्यांचा ठसा, काढून टेक्स्ट फाइलीत ठेवा, वर्षातून एकदा पुन्हा काढून ताडून बघा, एक अक्षर जरी बदललं तर ती फाइल खराब झाली आणि दुसऱ्या हार्डडिस्कवरून परत घ्यायची.

मूळ डिस्क टाकून देऊ नका, उभ्या, कव्हरमध्ये, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. विशेषतः ज्या डिस्कवर काही सेक्टर राहून गेलेत त्यांच्या आयएसओसोबत डीडीरेस्क्यूची मॅप फाइलसुद्धा जपून ठेवा, उद्या कुणाकडे वेगळा ड्राइव्ह सापडला तर तीच डिस्क आणि तीच मॅप फाइल देऊन फक्त राहिलेल्या जागा भरता येतील.